टाकीच्या हवेच्या नळीत काटकसर नको

डिझेलच्या टाकीचे एस्टिमेट दिले की गिऱ्हाईक आधी पत्र्याच्या जाडीवर घासाघीस करते, मग रंगावर आणि शेवटी पाइपांवर. "भरायचा पाइप मोठा ठेवा, पण हवेचा अर्धा इंची पुरे. त्यातून काय जायचे आहे? हवाच ना!" असे ऐकले नाही असा फॅब्रिकेटर विरळाच. आपणही गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मान डोलावतो. माझे स्पष्ट मत आहे की येथे मान डोलावू नये.

टाकी रिकामी कधीच नसते. तेल नसेल तर हवा असते. मिनिटाला जितके लिटर तेल आत जाईल तितकीच लिटर हवा त्याच मिनिटात बाहेर पडली पाहिजे. तिला वाट मिळाली नाही तर ती पत्र्याला रेटते.

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या राज्यांत, लाखो घरे हिवाळ्यात तेल जाळून ऊब घेतात. तळघरात 275 गॅलनची, म्हणजे सुमारे 1040 लिटरची पोलादी टाकी असते. टँकर रस्त्यावर उभा राहतो आणि भिंतीबाहेर काढलेल्या पाइपातून मिनिटाला साधारण 200 ते 300 लिटर तेल सोडतो. भरण्याचा पाइप बहुधा दोन इंची असतो. हवेच्या नळीबाबत तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या 31 क्रमांकाच्या मानकात मापे ठरलेली आहेत: 500 गॅलनपर्यंतच्या टाकीला किमान सव्वा इंची, त्यावर 3000 गॅलनपर्यंत दीड इंची, त्यापुढे 10,000 गॅलनपर्यंत दोन इंची.

कोणी म्हणेल, मग तेथेही हवेची नळी लहानच आहे! खरे आहे. तेलापेक्षा हवा कितीतरी हलकी, म्हणून सव्वा इंचीतून ती सहज निघते. पण लहान असण्यालाही हद्द आहे. दोन इंची पाइपाचे तोंड सव्वा इंचीच्या सव्वादोन पट असते, तर अर्धा इंचीच्या अकरा पट. शिवाय सव्वा इंचीचा हिशेब नळी मोकळी असेल तरच खरा. मध्ये झोळ पडून त्यात तेल साचले, टोकाच्या जाळीत गांधीलमाशीने घर केले किंवा बर्फ बसला, तर माप कागदावरच राहते.

म्हणून तेथे आणखी एक युक्ती वापरतात. हवेच्या वाटेवर शिट्टी बसवतात. तेल पडू लागले की निघणारी हवा शिट्टी वाजवते. तेल ठराविक पातळीला आले की शिट्टी थांबते आणि टँकरवालाही थांबतो. सुरुवातीपासून शिट्टी वाजलीच नाही, तर भरणे तिथेच बंद करायचे, हा त्यांचा दंडक.

आता आपल्याकडे पाहा. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल एका भांड्यात 1000 लिटरपेक्षा जास्त नसेल आणि एकूण साठा 2500 लिटरच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. म्हणूनच जनरेटरसाठी 990 लिटरची टाकी इतकी खपते. माप जवळजवळ अमेरिकन घरातल्या टाकीएवढेच, पण आपली टाकी बहुधा चौकोनी, सपाट पत्र्याची.

आजवर ती पिंपातून हातपंपाने भरली जाई, म्हणून अर्धा इंची नळी निभावून गेली. पण 2018 साली पुण्यात इंडियन ऑईलने दारात डिझेल देणारी गाडी सुरू केली आणि अशा गाड्यांची चाल पडली. गाडीचा पंप हातपंप नव्हे. नोझल तोंडात सैल असेल तर थोडी हवा बाजूने सुटते, पण होज घट्ट जोडला की सारा भार हवेच्या नळीवर येतो. चौरस इंचाला एक पौंड दाब म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण एक चौरस मीटर सपाट पत्र्यावर तो सुमारे 700 किलो होतो. टाकी उतू जाऊन तीन मीटर उंच नळीत डिझेल चढले, तर वरच्या पत्र्यावर चौरस मीटरला अडीच टन! कोपऱ्याचे वेल्डिंग फाटले की गिऱ्हाईक नळीचे माप आठवणार नाही, तुमचे नाव आठवेल.

तेव्हा कारागीर बंधूंनो, एवढे पाळा. 990 लिटरच्या टाकीला हवेची नळी सव्वा इंचीपेक्षा लहान नको. होज घट्ट जोडून भरणार असतील तर ती भरण्याच्या पाइपाएवढीच ठेवा. नळीचा उतार टाकीकडे असू द्या, मध्ये झोळ नको, व्हॉल्व्ह तर मुळीच नको. टोक उघड्यावर, खिडकीपासून दूर, खाली वळवलेले आणि जाळी लावलेले असावे. टाकी काढून टाकली तर भरण्याचा पाइपही त्याच दिवशी काढा. अमेरिकेत टाकी नसलेल्या घरात जुन्या पाइपातून तेल ओतले जाऊन तळघरे भरली आहेत.

सव्वा इंची आणि अर्धा इंची पाइपाच्या किमतीत फरक आहे, पण तो टाकीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर पत्र्याच्या रंगात सूट द्या, हवेच्या नळीत देऊ नका. तरीही अडून बसले तर ते काम दुसऱ्याला जाऊ द्या. एक ऑर्डर गेल्याने दुकान बसत नाही, एक टाकी फुटल्याने बसते.