शेंगदाण्याचे दूध आणि साखरेचा हिशेब

आमच्या देवगाव रंगारीत हल्ली चार माणसे एकत्र बसली की पाऊसपाण्याच्या खालोखाल विषय निघतो तो शुगरचा. कोणाची वाढली, कोणाला गोळी सुरू झाली, कोणाच्या पायाची जखम भरेना म्हणून घाटीत न्यावे लागले. पूर्वी हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार समजला जात असे. आता ऊस तोडणाऱ्या, आले खांदणाऱ्या माणसालाही तो सोडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे म्हटले आहे. आपल्या वस्त्या त्यातून वगळलेल्या नाहीत.

आजारापाठोपाठ उपाय सांगणारेही येतात. मोबाईलवर कोणी सांगतो, भाकरी बंद करा. कोणी सांगतो, दूधसुद्धा बंद करा, दुधात साखर असते, त्याऐवजी बदामाचे दूध घ्या. शहरात नोकरीला असलेली मुले मग आईवडिलांसाठी बदामाच्या दुधाचा खोका घेऊन येतात. मुलांचे प्रेम खरे आहे, त्याबद्दल शंका नाही. पण खोक्याच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर त्यात बहुतांश पाणी आणि बदाम जेमतेम काही टक्के असतात, आणि कित्येक प्रकारांत वरून साखर घातलेली असते. जी टाळायची तीच पैसे मोजून घरात आणायची, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडे २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा वनस्पतिजन्य पेयांवर ‘दूध’ हा शब्द छापू नये, असे बजावले. आम्ही मात्र बोलीभाषेत दूधच म्हणू. कोकणात नारळाच्या रसालाही लोक दूध म्हणतातच.

आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे. तेव्हा आधी जमाखर्च मांडू. वाटीभर, म्हणजे २०० मिलिलीटर गाईच्या दुधात सुमारे १० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. दिवसाला चार कप चहा घेतला आणि प्रत्येक कपात ५० मिलिलीटर दूध धरले, तर दुधातून पोटात जातात १० ग्रॅम. त्याच चार कपांत दोन-दोन चमचे साखर घातली की जातात ४० ग्रॅम. बाजरीच्या एका मध्यम भाकरीतून साधारण ४० ग्रॅम जातात, आणि चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांचा हिशेब कोणी ठेवतच नाही. म्हणजे दूध बदलायला निघालेला माणूस चहातली साखर तशीच ठेवत असेल, तर मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी गत झाली. पहिली काटछाट साखरेची, दुसरी बिस्किटांची, तिसरी भाकरीच्या संख्येची. दुधाचा नंबर फार मागे लागतो.

मग असले दूध करायचेच कशाला? करायला हरकत नाही, त्याला कारणे आहेत. काहींना दूध पचत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. काहींच्या दाराशी म्हैस नाही आणि विकतचे दूध रोज परवडत नाही. काहींना सकाळी बिस्किटांच्या जागी पोटाला आधार देणारे, पण साखर न वाढवणारे काही हवे असते. अशांसाठी बदामाचीच गरज आहे असे नाही. बदामाच्या एका किलोच्या पैशात पाच-सहा किलो शेंगदाणे येतात, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिने सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे बदामापेक्षा थोडी जास्तच.

कृती अगदी सोपी आहे. १०० ग्रॅम कच्चे शेंगदाणे निवडून रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी फेकून द्या, दाणे चोळून टरफले काढा आणि दोन पाण्यांनी धुवा. आधी थोड्या पाण्यात मिक्सरवर किंवा पाट्यावर गंधासारखे बारीक वाटा. मग सगळे मिळून पाऊण लिटरच्या आत बसेल इतके पाणी घालून स्वच्छ सुती फडक्यातून पिळून गाळा. हे दूध मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळा. उकळणे टाळू नका, कारण त्याने कच्चट वास जातो आणि कच्च्या दाण्यातला पचनाला अडथळा करणारा घटकही निकामी होतो. भांडे मोठे घ्या, फेस पटकन वर येतो, आणि सतत ढवळा, नाहीतर तळाला लागते. शेवटी चिमूटभर मीठ, हवी तर वेलची. साखर, गूळ, खजूर काहीही नको. फ्रीज असेल तर दोन दिवस टिकते, नसेल तर त्याच दिवशी संपवावे. फडक्यात उरलेला चोथा टाकू नका. भाजीत, थालीपिठात, चटणीत तो उत्तम लागतो आणि त्यात प्रथिने व तंतू दोन्ही असतात. चहात घालायचे असेल तर चहा कोरा करून खाली उतरवा आणि गरम केलेले दूध हळूहळू ओता. उकळत्या आल्याच्या चहात एकदम ओतले तर ते फाटते.

अशा वाटीभर दुधात पिष्टमय पदार्थ अंदाजे दोन-तीन ग्रॅम आणि प्रथिने चार-पाच ग्रॅम येतात. पण ते तेलबियाचे दूध आहे, उष्मांक गाईच्या दुधाएवढेच भरतात. म्हणून तांब्याने पिऊ नये. शिवाय यात चुना, म्हणजे कॅल्शियम, नावालाच असते. वाटीभर गाईच्या दुधात ते सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. दूध सोडणाऱ्याने नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांतून ती उणीव भरून काढली पाहिजे. आणि लेकरांना गाईम्हशीच्या दुधाऐवजी हे दूध देऊ नका. तान्ह्या बाळाला आईचेच दूध हवे. ज्याला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठते किंवा श्वास लागतो, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार बदलू नये.

दाणे निवडताना कंजुषी नको. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले, कडू लागणारे दाणे सरळ फेकून द्या. अशा बुरशीचे विष उकळूनही जात नाही आणि ते यकृतावर जाते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यांत बहुतेक गरीब आदिवासी होते. स्वस्तात मिळतो म्हणून खवट माल घेणे हे गरिबाला सर्वांत महाग पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या ओळखीतल्या एका मावशीने मोबाईलवरचे ऐकून भाकरी, भात एका दिवसात बंद केले. शुगरची गोळी मात्र नेहमीची चालूच ठेवली. चौथ्या दिवशी त्या शेतात घामाघूम होऊन खाली बसल्या, हात थरथरू लागले, तोंडातून शब्द फुटेना. सोबतच्या बाईने पाण्यात साखर कालवून पाजली म्हणून निभावले. साखर वाढल्याची भीती सगळ्यांना असते, उतरल्याची कोणाला नसते, आणि ती तासाभरात जीव घेऊ शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की हे घडते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर कडक पथ्याने रक्तात आम्ल साठण्याचा वेगळा धोका असतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून गोळीचे प्रमाण ठरवून घ्या, मग भाकरी कमी करा. तीन चमचे साखर पाण्यात, हा प्रथमोपचार घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

पथ्याच्या अनेक पद्धती आहेत. लातूरला अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून दिवसात दोनच वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर नेली. २०१८ साली राज्य शासनाने लठ्ठपणाविरोधी मोहिमेत त्यांना सोबत घेतले. ती पाळणाऱ्याने ध्यानात ठेवावे की शेंगदाण्याचे दूध हेही खाणेच आहे, ते जेवणातच घ्यावे. डॉ. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ च्या विवाहानंतर स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांची औषधे आणि पथ्य सांभाळले. एवढ्या विद्वान माणसालाही आजारात जाणत्याचा सल्ला लागला, तेथे आपण मोबाईलवर का विसंबावे?

शेंगदाण्याच्या दुधाला कोणी हलके समजू नये. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घरांत पोहोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामीत जन्मले होते. जानेवारी १९२१ मध्ये ते अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभे राहिले, तेव्हा त्यांनी मांडलेल्या वस्तूंत शेंगदाण्याचे दूधही होते. ठरवून दिलेली थोडी मिनिटे संपल्यावर समितीनेच त्यांना हवा तेवढा वेळ दिला. आपल्या म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही शेंगदाण्याची प्रथिने म्हशीच्या दुधात मिसळून ‘मिल्टोन’ नावाचे पेय तयार केले. दूध कमी आणि मुले पुष्कळ, या अडचणीवर काढलेला तो उपाय होता.

तेव्हा भगिनींनो, बंधूंनो, तीस वर्षे ओलांडलेल्या घरातल्या प्रत्येकाला आधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या, तेथे ही तपासणी मोफत होते. आकडा कागदावर आला की चहातल्या साखरेचा चमचा बाजूला ठेवा. त्यानंतर खुशाल दाणे भिजत घाला.