आकाशांतील खळबळ आणि बांधावरील दगड

सन २०२४ च्या मे महिन्यांत, तारीख १० व ११ रोजीं, सूर्यावरून सुटलेल्या कणमेघांनीं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांत २००३ नंतरचें सर्वांत प्रबळ वादळ उठविलें. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत त्या वेळीं मक्याची पेरणी चालू होती. उपग्रहांच्या आधारें चालणारे ट्रॅक्टर ओळी सोडून भटकूं लागले, व कित्येक शेतकऱ्यांस ऐन हंगामांत पेरणी थांबवावी लागली.

ह्याचें कारण असें कीं, सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारा उपग्रहाचा संदेश वाटेंत आयनांबर नांवाच्या विद्युद्भारित थरांतून येतो व तेथें त्यास विलंब लागतो. यंत्र अंतर काढतें तें वेळेवरून. सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाइतका विलंब झाला तरी तीन मीटरांची चूक पडते!

अमेरिकेंत असा प्रसंग मोठें वादळ आल्यावरच येतो. आपल्याकडे वादळ नसतांहि येतो. चुंबकीय विषुववृत्त हिंदुस्थानच्या दक्षिण टोंकाजवळून जातें; म्हणूनच १९६३ सालीं अग्निबाण सोडण्यास केरळांतील थुंबा निवडलें गेलें. तेथें वर उचललेले विद्युत्कण उत्तरेस उतरून गुजराथ-मध्यप्रदेशाच्या माथ्यावर दाट पट्टा करतात, आणि महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मध्यें सांपडला आहे. सूर्यास्तानंतर थरांत पोकळ बुडबुडे उठतात व संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो. विशेषेंकरून मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरांत, आणि सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षीं.

आतां आमचा मुद्दा. हल्लीं जमिनीची मोजणी रोव्हर यंत्रानें होते. शंकुसाखळीहून तें निःसंशय सरस आहे, आणि त्यास विरोध करणें वेडेपणाचें होईल. दोन वारंवारतांवर चालणारें यंत्र विलंबाचा बराच भाग स्वतःच वजा करतें. उरलेला भाग स्थिर केंद्राशीं तुलना करून जातो. परंतु केंद्र दूर असेल आणि दुपारची वेळ असेल, तर दोन्ही ठिकाणांवरील आकाश एकसारखें नसतें. वीतभर बांधासाठीं भाऊबंद पिढ्यान् पिढ्या कोर्टांत झगडतात, हें वाचकांस आम्हीं काय सांगावें? म्हणून खातेदारांनीं शक्य तों सकाळची मोजणी मागावी, बांधाचे कोपरे निराळ्या वेळीं पुन्हां एकदां मोजून घ्यावे, आणि मोजणीची तारीखच नव्हे तर वेळहि नकाशावर नोंदवून घ्यावी. दोन आंकडे जुळेपर्यंत जुन्या हद्दीचा दगड कोणासहि हलवूं देऊं नये.