स्वॅब कोरा, पण पोकळी?

फायरिंग रेंजवरून आलेल्या भंगाराच्या लॉटवर स्वॅब फिरवायचा, रंग आला नाही की ‘स्फोटकमुक्त’ असा दाखला द्यायचा, ही पद्धत थांबली पाहिजे.

चाचणीत खोट नाही. ॲसिटोनच्या अर्कात अल्कली घातली की टीएनटी लाल रंग देतं. आरडीएक्ससाठी आम्ल आणि जस्ताची भुकटी वापरली की नायट्रस आम्ल तयार होतं आणि ग्रीस अभिकर्मक गुलाबी होतो. उघड्या माळावरही करता येणारी ही उत्तम चाचणी आहे. मात्र स्वॅब जिथे टेकला तेवढंच ती सांगते. पूर्ण फुटलेल्या गोळ्याच्या तुकड्यांवर स्फोटक नाममात्र उरतं. अर्धवट फुटलेल्याच्या पोटात ढेकळंच्या ढेकळं राहतात. शिवाय टीएनटी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. वाफेनं धुताना ते फ्यूजच्या आट्यांत आणि बुडाच्या फटींत शिरतं, थंड झालं की तिथेच घट्ट बसतं. 

म्हणून आधी पोकळी उघडायची, तीही माणूस दूर ठेवून, गॅस कटर न लावता. मगच उरलंसुरलं स्फोटक जाळायला भट्टी. बंद पोकळी भट्टीत घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आणि थर्मोकपल भट्टीच्या हवेत टांगण्यापेक्षा सर्वांत जाड तुकड्याला लावा.

अमेरिकी सैन्यात अशा मालाची एकदा शंभर टक्के तपासणी होते, मग दुसरा माणूस ती स्वतंत्रपणे पुन्हा करतो. दोन्ही सह्या झाल्याशिवाय माल सुरक्षित धरत नाहीत. आपल्याकडे २००४ साली साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात आयात भंगारातले गोळे फुटून कामगार दगावले. त्यानंतर तुकडे न केलेल्या आयात भंगाराला जहाजावर चढण्यापूर्वीच तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. नगरच्या के. के. रेंजभोवतीच्या गावांतून धोका पत्करून वेचलेलं लोखंड मात्र थेट भंगारवाल्याच्या काट्यावर येऊ शकतं. तिथे कुठलंच बंदर आडवं येत नाही, आणि त्यावर पहिली ज्योत धरणाऱ्या कामगाराच्या हातात कुठलाच कागद नसतो.

प्रयोगशाळांतल्या वाचकांना आमची विनंती आहे : अहवालात तीन रकाने वाढवा. कोणता पृष्ठभाग पुसला, कोणत्या पोकळ्या उघडून पाहिल्या, कोणत्या उघडता आल्या नाहीत. तिसऱ्या रकान्यात एकही नोंद असेल, तर त्या लॉटवर सही करू नका; मालक कितीही घाई करो.