आधी कागद जपणाऱ्यांना पैसे द्या

दत्तभक्तांना कलबुर्गीजवळची कडगंची ठाऊक असते. गुरुचरित्रातले सायंदेव इथले, आणि ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले. तो ग्रंथ घराघरांत सोवळ्यात गुंडाळून जपला गेला, म्हणून आपल्या हाती आला. याच कडगंचीच्या शिवारात आता कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ उभं आहे, २००९ साली स्थापन झालेलं. तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीला उद्या आपल्या भागातल्या लेस्बियन स्त्रियांच्या इतिहासावर अभ्यासवृत्ती मिळाली, तर ती कागद कुठे शोधेल?

घरात नाही, हे उघड आहे. पोथी घरानेच जपली. या बायकांची पत्रं मात्र बहुतेकदा घरच्यांच्याच हाताने चुलीत जातात. एकीचं लग्न ठरलं की दुसरीचे फोटो फाडले जातात. मग उरतात फक्त सरकारी कागद, आणि तेही विरोधातले. कलम ३७७ खाली बायकांवर क्वचितच खटले झाले. त्या सापडतात बेपत्ता व्यक्तींच्या तक्रारींत, बापाने केलेल्या हेबियस कॉर्पस अर्जांत आणि आत्महत्यांच्या चारओळी बातम्यांत. ‘मैत्रिणीने फूस लावून पळवून नेले’ हे वाक्य मराठी वाचकाने कितीदा वाचलं असेल! कलबुर्गीत २००८ पासून उच्च न्यायालयाचं पीठ बसतं. असे अर्ज तिथल्या फायलींत धुंडाळावे लागतील. हा भाग हैदराबाद राज्यात होता तेव्हाचं, म्हणजे १९५६ पूर्वीचं काही हवं असेल तर हैदराबाद गाठावं लागेल, आणि उर्दू यावी लागेल.

पण फिर्यादीच्या कागदातून फिर्यादीचाच आवाज येतो. साहित्यातही फार वेगळं घडलेलं नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. मराठी नाटकात स्त्रीचं स्त्रीवरचं प्रेम इतक्या धीटपणे आधी कुणी मांडलं नव्हतं. तरी नायिका मित्राची गोष्ट आपल्याला सांगतो तो तिचा पुरुष मित्र बापू.

स्वतःचा आवाज स्वतः जपायचा, हे बायकांनीच ठरवलं. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली एका राहत्या घरात लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज सुरू झालं. तिथे कागद पाहायला पदवी लागत नाही. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ उभी राहिली. तीच पुढे ‘लेबिया’ झाली. तिने ‘स्क्रिप्ट्स’ हे नियतकालिक काढलं आणि ५० जणांच्या जीवनकथा ऐकून २०१३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ‘कमरा’ हा क्विअर दस्तऐवजांचा संग्रह आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण आळंद, भालकी, बसवकल्याणच्या बाईचं त्यात काही सापडायचं, तर आधी कुणीतरी तिच्यापर्यंत जायला हवं.

आणि जायचं कशाच्या बळावर? नेट-जेआरएफ असेल तर महिना ३७,००० रुपये. नसेल तर केंद्रीय विद्यापीठातल्या संशोधकाला कित्येक वर्षं ८,००० रुपयेच मिळत आले. त्यात खोलीभाडं, मेस, आणि बंगळूर-मुंबईच्या फेऱ्या! अशा विषयाला मार्गदर्शक मिळवणं हे वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं असं की, इथे अशी अभ्यासवृत्ती सुरू करायची तर ती तयार संग्रह वाचण्यासाठी ठेवून चालणार नाही, कारण तो संग्रह अजून व्हायचा आहे. निम्मे पैसे पीएच.डी.वालीला द्या आणि निम्मे अशा बाईला, जी वर्षानुवर्षं मैत्रिणींची पत्रं लोखंडी पेटीत लपवून बसली आहे, मग ती दहावी नापास का असेना. मराठी, कन्नड, दखनी, जी भाषा बोलणारीच्या तोंडी येईल, तीत ध्वनिमुद्रण होऊ द्या.

नावाचा हक्क तिचाच राहायला हवा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे खासगी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण गावातली भावकी न्यायालयाचं ऐकून वागत नाही. मुलाखत गावाबाहेर व्हावी, जाण्यायेण्याचा खर्च अभ्यासवृत्तीतून मिळावा. कागद किती वर्षं बंद ठेवायचे ते तिने ठरवावं. आणि उद्या ‘माझं सगळं परत द्या’ म्हणाली, तर संशोधिकेचा प्रबंध अडला तरी ते त्याच दिवशी परत मिळावं, हे करारात लेखी असावं.

पहिल्या वर्षी प्रबंधाचं एकही प्रकरण मागू नका. वर्षअखेरीस काही पेट्या, काही ध्वनिमुद्रणं आणि त्यांची नीट केलेली यादी एवढं जमलं, तरी दुसऱ्या वर्षाचे पैसे बिनशर्त द्यावेत.