बैठकीतला समुद्र

आमच्या नात्यागोत्यात सध्या नवीन टूम निघाली आहे. बैठकीत काचेची पेटी आणि पेटीत समुद्र! नागपूरच्या भाच्याने चार फुटी पेटी बसवली, आता गोंदियाच्या पुतण्यालाही तशीच हवी. माझे मत कोणी विचारलेले नाही. पण ब्लॉग माझा आहे, तेव्हा लिहितो.

रचना देखणी असते, हे मान्य. खडकांची कमान, तिच्याखाली गुहा, मागच्या काचेपासून सोडलेली जागा, म्हणजे पाणी खेळते राहते, घाण साचत नाही. हे जमवायला नजर लागते. खडक सिमेंटचे किंवा कोरडे असतील तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावर चिकटवलेल्या जिवंत प्रवाळाबद्दल.

मंडळी, प्रवाळ म्हणजे शोभेचा दगड नव्हे, प्राणी आहे. २००१ पासून आपल्याकडचे खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद. दुकानदार "बाहेरचा माल आहे काका" म्हणतो. कागद दाखव म्हटले की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

पुतण्या म्हणतो, समुद्रात प्रवाळ मरतोच आहे, निदान घरात तरी जगेल. मरतो आहे हे खरे. लक्षद्वीपमध्ये अगत्ती, कदमत, कवरत्ती या बेटांपाशी १९९८ साली कठीण प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांवर आले. कारण तापलेले पाणी. पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. आता सांगा, ज्याला पंचवीस-सव्वीस अंशांचे पाणी लागते त्याला आपण गोंदियाच्या मे महिन्यात आणून ठेवणार! चिलर रात्रंदिवस चालवायचा, आणि वाऱ्यावादळात लाइट गेली की? इथे जगवणे कशाला म्हणायचे, मला कळत नाही.

"आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून तर घरात आणायचा" हे त्याचे दुसरे म्हणणे. समुद्र नाही, पण तलाव किती आहेत! आपला जिल्हाच तलावांचा. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीने बांधला असे आपण लहानपणापासून ऐकतो. सात बहिणींच्या डोंगरांमधली जागा हेरून त्याने पाणी अडवले. खडक कुठे, पाणी कुठे, याची नजर म्हणाल तर ती ही. काचेच्या पेटीवाल्यांनी आधी तिथे जाऊन यावे.

या तलावांत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कमळ, देवधान अशी पाणवनस्पतींची रेलचेल होती. मग गाळ आला, बेशरम माजली, विकत आणलेले मत्स्यबीज पडले. अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या बायकांनी बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा देशी मासेही परतले. आमच्या घरात याची चर्चा किती झाली? शून्य. चिलरच्या वॅटेजवर मात्र तासभर.

तेव्हा पेटी हवीच असेल तर गोड्या पाण्याची कर. जपानच्या ताकाशी अमानोने गोड्या पाण्यातल्या वनस्पती आणि दगड-लाकडांवर जगभर नाव कमावले, म्हणजे यात कमीपणा काही नाही. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काडीही उचलायची नाही. गावच्या तलावातून, मच्छीमार सोसायटीला विचारून, चार मुळे आणि काचेसारखे आरपार दिसणारे दहा मासे आण. दगड आपल्याच नाल्यातले.

आणि एक. पेटीचा कंटाळा आला की बाजारातले मासे तलावात सोडून येणारे महाभाग आहेत. तो सकर मासा उजनीपर्यंत पोहोचला तो असाच. आपल्या घरातून तरी तो जाता कामा नये, एवढे भाच्याने आणि पुतण्याने दोघांनीही मला लेखी द्यावे. खाली कॉमेंटमध्ये चालेल.