‘अवैध’ म्हणजे काय, ते आधी सांगा

सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना लाल अक्षरांत ‘एरर’ आला की आपण त्याला मशीनचा बिघाड समजतो. कपाळावर हात मारतो आणि पुन्हा तेच बटण दाबतो. माझ्या मते तो सरळसरळ नकार असतो, आणि नकार देणाऱ्याने कारण सांगायला हवं. खिडकीपलीकडचा कारकून काही न बोलता अर्ज परत सरकवू लागला तर आपण आवाज चढवतो, ‘साहेब कुठे बसतात?’ म्हणून विचारतो. पडद्यापुढे मात्र आपण मुकाट मान खाली घालतो.

मी कसाऱ्याकडच्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला पाठनियोजन शिकले, पण शाळा सुरू झाली की माझे कितीतरी तास मुलांचे ऑनलाइन अर्ज भरण्यात जातात. (शिक्षकांच्या या बिनपगारी कारकुनीबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.) गेल्या हंगामात शिष्यवृत्तीच्या एका पोर्टलवर एका मुलीचा अर्ज अकरा वेळा अडला. पोर्टलचं नाव घेत नाही, बहुतेकांची गत तीच आहे. संदेश दर वेळी एकच: ‘अवैध नाव. कृपया वैध नाव प्रविष्ट करा.’ सोबत तिची आजी बसली होती. तिने मला हळूच विचारलं, “अवैध म्हणजे काय गं? आपल्या पोरीचं नाव कायद्यात बसत नाही का?”

आजीचं मराठी चोख होतं. आपण अवैध दारू म्हणतो, अवैध वाळूउपसा म्हणतो, अवैध बांधकाम म्हणतो. बोलीत या शब्दाचा अर्थ बेकायदा असाच आहे. कुणीतरी इंग्रजी ‘इनव्हॅलिड’समोर कोशातला पहिला शब्द ठेवला आणि हात झटकले. आमच्या वस्त्यांमध्ये कागदपत्रांची धास्ती कशी आहे, हे वाचकांना सांगायला नको. आजोबांच्या जन्माचा दाखला, जुन्या मतदारयाद्या, शाळा सोडल्याचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी जपणारी माणसं आहेत ही. त्यांच्या नावापुढे सरकारी पडद्यावर ‘अवैध’ उमटतं तेव्हा त्यांच्या पोटात गोळा येतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल. पण ते माहीत करून घेणं त्याच्या कामात येत नाही का?

बरं, चूक काय होती? मुलीच्या नावात ‘जुबेदा’ आहे. मराठीत ‘ज’ एकच, उच्चार दोन. दाखल्यावर कारकुनाने देवनागरीत लिहिलं. आधार काढताना ऑपरेटरने रोमन लिपीत ‘जे’ लावला, बँकेत दुसऱ्याने ‘झेड’ लावला. शेख आडनावाचं स्पेलिंग तर घरातल्या घरात तीन प्रकारचं निघतं. कित्येक घरांत आडनाव लावायची रीतच नाही, नाव आणि वडिलांचं नाव, बस. फॉर्ममध्ये मात्र आडनावाचा रकाना सक्तीचा. आणि हे आमचंच दुखणं आहे असं कुणी समजू नये. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर कातकरी मुलांचं तेच होतं. वाघे आडनावातला ‘व’ एका कागदावर ‘व्ही’, दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’. ‘आधारवरचं स्पेलिंग आणि इथलं स्पेलिंग वेगळं आहे, आधारवर आहे तसंच लिहा’ एवढं वाक्य पडद्यावर आलं असतं, तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

ही काही माझ्या डोक्यातली अद्भुत कल्पना नाही. ब्रिटन सरकारने आपल्या वेबसाइटांसाठी जी डिझाइन सिस्टिम बनवली आहे, तिच्यात चुकीच्या संदेशांचं वेगळं प्रकरण आहे. काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त करायचं, हे साध्या भाषेत सांगा, असं ते म्हणतं. ‘व्हॅलिड’ आणि ‘इनव्हॅलिड’ हे शब्द वापरू नका, कारण त्यांनी संदेशात काहीच भर पडत नाही. ‘इल्लीगल’, ‘फॉरबिडन’ नको. ‘प्लीज’ नको, कारण त्यातून ऐच्छिक असल्याचा भास होतो. ‘सॉरी’ही नको, त्याने काही दुरुस्त होत नाही. आपल्याकडे ‘कृपया वैध’ म्हणजे दोन्ही चुका दोन शब्दांत.

आपल्याकडे माहिती नसते असंही नाही. आधार पडताळणीच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रत्येक अडचणीला वेगळा क्रमांक आहे. नाव, जन्मतारीख अशी मूळ माहिती जुळली नाही तर १००, पत्ता जुळला नाही तर २००, बायोमेट्रिक जुळलं नाही तर ३००, धारकाने स्वतःच बायोमेट्रिक लॉक केलं असेल तर ३३०. माणसाला त्या वेळी काय सांगावं, याची वाक्यंसुद्धा सुचवलेली आहेत. वीटभट्टीवर बोटं झिजलेल्या बाईला ३०० ची अडचण येते, तिला वेगळा उपाय लागतो. मोबाइलवरून लॉक करून विसरलेल्या माणसाला वेगळा. पण पुढच्या पोर्टलपर्यंत येता येता या सगळ्यांचं एकच वाक्य होऊन जातं: ‘पडताळणी अयशस्वी.’ म्हणजे मशीनला कारण ठाऊक असतं, ते आपल्यापर्यंत येत नाही.

आता कायद्याचं बोलू. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम सांगतो की, अधिसूचित सेवेचा अर्ज नामंजूर केला तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची, आणि अपील किती मुदतीत, कोणाकडे करायचं हे अर्जदाराला कळवायचं. चांगला कायदा आहे. पण लाल संदेश अर्जाला दारातच अडवतो. अर्ज दाखल झाला नाही, म्हणून क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून नामंजुरी नाही, आणि नामंजुरी नाही म्हणून अपीलही नाही. कार्यालयाच्या हिशेबात जुबेदाने कधी अर्ज केलाच नव्हता.

कारण सांगण्याने काय फरक पडतो, ते आपण पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली, पहिली ते आठवीची बंद केली. मला तो निर्णय पटला नाही, आजही पटत नाही. पण सरकारने कारण दिलं होतं: शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे. त्या कारणाशी भांडता आलं. मोफत शिक्षणात वह्या येतात का, चप्पल येते का, हे विचारता आलं. ‘काहीतरी चुकले आहे, नंतर प्रयत्न करा’ याच्याशी कसं भांडणार?

काही जण म्हणतील, जास्त सांगितलं तर सुरक्षेला धोका. लॉगिनच्या वेळी युजरनेम चुकलं की पासवर्ड, हे न सांगणं शहाणपणाचं आहे, मान्य. पण फोटो ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे, हे सांगितल्याने कुठला चोर आत शिरतो?

दुसरे म्हणतील, एवढीशी गोष्ट! थेरॅक-२५ नावाचं किरणोपचाराचं यंत्र होतं. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर शहरात त्याच्या पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं. माहितीपुस्तकात धड खुलासा नव्हता. असे गूढ संदेश रोजच येत, म्हणून ‘पुढे चला’चं बटण दाबायची सवय झालेली. तिथल्या दोन रुग्णांचा प्रमाणाबाहेर किरण लागून जीव गेला. आमच्याकडे जीव जात नाही, मजुरी जाते. कसाऱ्याहून आसनगावपर्यंत लोकल, तिथून रिक्षाने शहापूर, कॅफेवाल्याचे पैसे, आणि संध्याकाळी ‘सर्व्हर एरर’ ऐकून परत. मुरबाडकडच्या माणसाला तर रेल्वेही नाही.

मोबाइलवर येणाऱ्या सूचनाही तशाच. ‘आपल्या अर्जाची स्थिती बदलली आहे.’ कशात बदलली? आमच्या घाटातला रेल्वेचा सिग्नल बघा. पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा, दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा. ‘स्थिती बदलली आहे’ असा सिग्नल लावला तर गाडी चढेल का?

शब्दांची तर आपल्याला ददात नाही. अर्ज, दाखला, मंजूर, रद्द, तपशील, खुलासा हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या घरात शेकडो वर्षं नांदले. संस्कृतातून घ्यायचे तर तेही घ्या, माझी हरकत नाही. फक्त आजीला कळू द्या. नववीच्या वर्गात मी उपयोजित लेखनाच्या तासाला हेच संदेश फळ्यावर लिहिले आणि मुलांना पुन्हा लिहायला सांगितले. एका मुलाने लिहिलं: ‘जन्मतारखेत आधी दिवस, मग महिना, मग वर्ष लिहा. बाकी भरलेलं तसंच आहे, पुसलेलं नाही.’ दुसरं वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. अख्खा फॉर्म पुसला जाताना त्याने पाहिला असणार.

वाचकांना एक विनंती. असा संदेश आला की बटण बडवत बसू नका. फोटो काढा, तारीख आणि वेळ लिहा, आणि संबंधित कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या: ‘माझा ऑनलाइन अर्ज अमुक संदेश देऊन अडवला गेला, कारण लेखी कळवावे.’ पोच घ्यायला विसरू नका. मसुदा मी तयार केला आहे. मराठीत हवा की उर्दूत, तेवढं कळवा.