डोळा लाल, दुखणं कुठलं?

गेल्या वर्षी आमच्या निपाणीच्या आत्याचा उजवा डोळा लाल झाला. "तंबाखूची धूळ गेली असेल," असं आम्ही सगळेच म्हणालो. जिचा जन्म वखारीच्या गल्लीत गेला, तिच्याबाबतीत दुसरं काय सुचणार? शेजारणीने 'डोळे आलेत' म्हणून सांगितलं, सूनबाईच्या माहेरी 'कण्णु बेने' ठरलं. भाषा दोन, निदान एक! मीही शिकलेला शहाणा. औषधाच्या दुकानातून थेंब आणून दिले.

वाचकहो, डोळे आले की चिकटतात, खुपतात आणि बहुधा आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. आत्याच्या डोळ्यात मात्र आत खोलवर ठणका होता. तो कानशिलापर्यंत जाई, रात्री झोपू देत नसे. त्याच सुमारास नाकात खपल्या धरत, रक्त येई, सांधे आखडत. नाकाचं एका डॉक्टरांना सांगितलं, सांध्यांचं दुसऱ्यांना. सगळं एकत्र कुणालाच सांगितलं नाही.

शेवटी बेळगावला नेलं. डॉक्टरांपुढे आत्या म्हणाली, "काही नाही हो, वय झालं." तेव्हा सूनबाई पुढे झाली. "अत्ते रात्रि निद्देने माडल्ल," इथून सुरुवात करून नाक, सांधे, थकवा, सारं तिनं कन्नडमध्ये एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी लगेच लघवी तपासायला लावली. डोळ्यासाठी लघवी? मला हसू आलं. रिपोर्ट आला आणि ते मावळलं. लघवीत रक्तपेशी आणि प्रथिनं होती. मूत्रपिंडालाही झळ पोचली होती.

पुढे रक्ताची 'एएनसीए' तपासणी झाली आणि नाव कळलं : ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, थोडक्यात 'जीपीए'. २०११ पर्यंत हा आजार वेगनर या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाई. यात शरीराची संरक्षक यंत्रणा घरच्यांवरच उलटते आणि बारीक रक्तवाहिन्या सुजतात. नाक, फुप्फुसं, मूत्रपिंड आणि डोळे, कुठेही. डोळ्याचा पांढरा पडदा सुजला की त्याला स्क्लेरायटिस म्हणतात. दुर्लक्ष झालं तर तो पडदा पातळ होऊन नजर जाऊ शकते. कधी डोळ्यामागे सूज येऊन बुबुळासकट डोळा पुढे येतो. नुसत्या थेंबांनी हे आवरत नाही, कारण दुखणं साऱ्या अंगाचं असतं.

१९५० च्या दशकात उपचाराविना असे रुग्ण सरासरी पाचच महिने जगत. करोनाच्या काळात आपण ज्यांचं नाव ऐकलं, त्या डॉ. फाउची यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये ८५ रुग्णांचा अनुभव मांडला. स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड यांनी बहुतेकांचा आजार आटोक्यात आला होता. आता रिटुक्सिमॅबही आहे. आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून तपासण्या मात्र चालूच ठेवाव्या लागतात.

आत्याची नजर वाचली, मूत्रपिंडही सावरलं. आता दर तपासणीला ती मला नाही, सूनबाईलाच बरोबर नेते.

तेव्हा डोळा लाल होऊन खोल ठणकत असेल, उजेड सोसत नसेल किंवा दिसायला कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने घालू नका. त्यांनी डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. आणि जाताना घरातलं सगळं सांगणारं माणूस बरोबर घ्या. मराठीत सांगो की कन्नडमध्ये, पण सगळं सांगो.